रेखांश मागं गेला तेव्हा

मी वीसेक वर्षं शाळेत भूगोल शिकवला. शाळा सुरू होऊन महिना झाला की अक्षांश-रेखांशाचा धडा यायचा. कपाटातला पृथ्वीगोल काढायचा, त्याच्यावरची धूळ पुसायची आणि मुलांना सांगायचं की आडव्या रेषा अक्षांशांच्या, उभ्या रेषा रेखांशांच्या, आणि दोन्ही काल्पनिक. ‘काल्पनिक’ हा शब्द परीक्षेत रिकाम्या जागी हमखास यायचा, म्हणून तो मी मुलांकडून मोठ्यानं म्हणवून घ्यायची. कोल्हापूर पावणेसतरा अंश उत्तर आणि सव्वाचौऱ्याहत्तर अंश पूर्व, हेही पाठ करून घ्यायची. मुलं पाठ करायची आणि दिवाळीच्या सुट्टीत विसरायची. त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्या गावात पत्ता सांगायला तालमीचं नाव, बोळ आणि समोरचं दुकान एवढं पुरतं.

या आकड्यांचा माझ्या घराशी संबंध आला तो मी निवृत्त झाल्यावर, आणि तोही मुलीमुळं.

आमची एकुलती एक मुलगी मालवाहू जहाजावर अधिकारी आहे. बारावीनंतर तिनं आपण होऊन जहाजाच्या शिक्षणाची परीक्षा दिली आणि पास झाल्यावरच घरात सांगितलं. आमच्या दोघांच्याही घराण्यात समुद्राशी कुणाचा संबंध नव्हता. माझ्या माहेरची शेती, माझ्या सासरची शेती आणि म्हशी. मुलं फौजेत जातात, पोलिसात जातात, हे सगळ्यांना माहीत. मुलगी जहाजावर जाते, हे कुणाला सांगितलं की पहिल्यांदा समोरचा माणूस माझ्याकडं आणि मग यजमानांकडं बघायचा. एका लग्नात माझ्या चुलत दिरांनी पंगतीतच विचारलं, “वहिनी, पोरीला रंकाळ्यात तरी पवाय येतंय न्हवं?” सगळे हसले. यजमान हसले नाहीत. ते ताटावरून लवकर उठले.

यजमानांचं मोटरी रिवाइंड करायचं दुकान आहे. मंगळवार पेठेत खाली दुकान आणि वर आम्ही राहतो. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटरी गावोगावचे लोक आणून टाकतात. हे त्यातली जळकी तार काढतात आणि नवी भरतात. मुलगी लहानपणी शाळेतून आली की दप्तर वर न नेता दुकानातच बसायची. तिनं इंजिनिअर व्हावं, दुकानाचा कारखाना करावा, असं यांच्या मनात होतं. ते त्यांनी तिला कधी स्पष्ट सांगितलं नव्हतं. तिनं जहाजाचं सांगितलं त्या दिवशी ते एवढंच म्हणाले की तुझं तू ठरवलंयस, आता मला कशाला विचारतीस. त्यानंतर तिच्याशी बोलणं त्यांनी जवळजवळ थांबवलं. भांडण नव्हतं. ती घरी असली की तिला आवडतं म्हणून मटण आणायचे, तिची बॅग स्टँडवर पोचवायचे. पण काही विचारायचं असलं की मला विचारायचे, तिच्या देखत. “हिचं जहाज कवा सुटणार हाय?” मग मी तिच्याकडं बघायची आणि ती मला उत्तर द्यायची.

शिकाऊ म्हणून तिची पहिली दोन जहाजं अशीच गेली. मग परीक्षा झाल्या, आणि ती थर्ड ऑफिसर म्हणून एका जुन्या जहाजावर चढली. ते जहाज ब्राझीलमधून सोयाबीन भरून चीनला निघालं होतं. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून हिंदी महासागर तिरका कापायचा, असा रस्ता. आता बऱ्याच जहाजांवर व्हिडिओ कॉलसुद्धा लागतो म्हणतात, पण या जहाजावर इंटरनेट मोजूनमापून होतं. खोल समुद्रात फोन नाही, फोटो नाही. दिवसाला चार ओळींचा मेल तेवढा जायचा. मोबाइलवर जहाजं दाखवणारं एक ॲप मी घेतलं होतं. किनाऱ्याजवळ असेपर्यंत त्याच्यावर तिचं जहाज छोट्या बाणासारखं दिसायचं, आणि किनारा सुटला की बाण गायब व्हायचा. मी तिला लिहिलं की मला बाण दिसत नाही, जिवाला चैन पडत नाही. त्यावर तिनं रोज दुपारी बाराची जहाजाची जागा पाठवायला सुरुवात केली. पहिला मेल मला अजून आठवतो. ‘चौतीस दहा एस, अठरा वीस ई. जेवलो.’ आमच्याकडच्या मुली ‘मी आलो, मी जेवलो’ असंच बोलतात. अधिकारी झाली तरी तिचं ते गेलं नव्हतं.

एस म्हणजे दक्षिण अक्षांश, ई म्हणजे पूर्व रेखांश; पहिला आकडा अंश, दुसरा मिनिटं. मी पुढं नातवंडांना होईल म्हणून जपून ठेवलेला जुना ॲटलास काढला आणि बोटानं जागा शोधली. आफ्रिकेच्या टोकाशी, केपटाऊनच्या जरा खाली. मी किती वर्षं हे शिकवलं होतं, पण त्या दोन रेषा जिथं एकमेकींना कापतात तिथं माझ्या ओळखीचं माणूस उभं आहे, असं आधी कधी झालं नव्हतं. मी तिथं पेन्सिलीनं टिंब काढलं.

यजमानांनी ते टिंब पाहिलं. दोन-तीन दिवसांनी जेवताना म्हणाले, “ते आकडं कसं बघायचं असतंय?”

मी त्यांना पोळीवर समजावलं. मधून आडवी रेष ओढली, ते विषुववृत्त. त्याच्या वर आपण, खाली ती. तिच्या एसचा आकडा कमी होत गेला की ती वर सरकतेय, म्हणजे आपल्या बाजूला येतेय. ईचा आकडा वाढत गेला की पूर्वेला चाललीय. दोन्ही आकडे मिळूनच जागा सापडते. एकट्या अक्षांशावर गेलात तर पृथ्वीला अख्खी फेरी मारावी लागेल. त्यांनी ऐकून घेतलं आणि पोळी खाऊन टाकली. दुसऱ्या दिवशी ते महाद्वार रोडला गेले आणि शाळेच्या वस्तूंच्या दुकानातून भिंतीवर लावायचा जगाचा नकाशा घेऊन आले. तो त्यांनी घरात नाही, खाली दुकानात लावला, तारेच्या रिळांच्या शेजारी.

मग रोजचा क्रम ठरला. दुपारी मेल आला की मी जिन्यातून आकडे सांगायची आणि ते लाल डोक्याची टाचणी काढून पुढं टोचायचे. आधी त्यांना अंशाच्या मधली जागा काढायला अवघड जायचं, कारण नकाशावर रेषा दहा-दहा अंशांवर होत्या. मग त्यांनी फूटपट्टीनं मधल्या बारीक रेषा स्वतः आखल्या. तारांची जाडी मोजायची त्यांना सवय, त्यामुळं त्यांच्या रेषा छापील रेषांपेक्षा नेमक्या आल्या. आपल्या गावाची रेष बोटानं धरून ते एकदा डावीकडं गेले, तर आफ्रिकेत टिंबक्टूपाशी पोचले. उजवीकडं गेले तर रंगूनपाशी. आपण आणि टिंबक्टू एका ओळीत, हे त्यांनी आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं.

गिऱ्हाइकंही विचारायची. हुपरीकडचे एक शेतकरी बोअरची मोटर घेऊन आले होते. त्यांनी नकाशाकडं बघून विचारलं की पावणं, ही टाचणी कशाची. यजमान म्हणाले की आमची पोरगी तिथं आहे. “तिथं तर नुसतं निळं हाय की,” ते म्हणाले. यजमान म्हणाले, “निळ्यातच हाय.” आणि मग त्यांनी त्या माणसाला जहाज किती मोठं आहे, त्यात किती सोयाबीन आहे, हे सगळं सांगितलं. मी वर पोळ्या लाटत ऐकत होते. यातलं निम्मं मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. तिनं घरून निघायच्या आधी मला सांगताना ते पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसले होते, तेव्हाच ऐकलेलं असणार.

जहाज मादागास्करच्या खालून गेलं आणि ईशान्येकडं लागलं. रोज साडेतीन-चार अंश वर आणि तेवढंच उजवीकडं. टाचणीची भोकं एका तिरक्या रेषेत पडत होती. यजमान आता मेल यायच्या आधीच आजची जागा कुठं असेल ते सांगायचे, आणि फार चुकायचे नाहीत. विषुववृत्त कधी ओलांडेल याचा अंदाजही त्यांनी बांधला होता. त्या दिवशी दुकानात येणाऱ्याला पेढा द्यायचा, असं त्यांनी माझ्याजवळ बोलून दाखवलं.

त्या आठवड्यात एक मेल आला, ‘तीन चाळीस एस, त्र्याऐंशी पन्नास ई. जेवलो.’ यजमान म्हणाले, उद्या वरती जाणार. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी पेढे आणले.

दुपारी मेल आला. मी आकडे वाचले आणि परत वाचले. ‘चार पन्नास एस, ब्याऐंशी तीस ई.’ पुढं काही नाही. ‘जेवलो’ नाही.

मी जिन्यात जाऊन आकडे सांगितले. खालून हे म्हणाले की नीट बघून सांग. मी मोबाइल घेऊनच खाली गेले. त्यांनी स्वतः वाचले, टाचणी काढली आणि नव्या जागी टोचली. टाचणी आदल्या दिवशीच्या भोकाच्या खाली आणि डावीकडं गेली होती. जहाज मागं आलं होतं.

ब्याऐंशी तीस हा आकडा मला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. भारताची प्रमाणवेळ त्याच रेखांशावरून धरतात. आमच्याकडं सूर्य डोक्यावर यायला साडेबारा होतात. घड्याळात बारा आणि डोक्यावर सूर्य हे त्या रेषेवर. म्हणजे आमच्या भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजले तेव्हा तिच्या डोक्यावर सूर्य होता. असं काहीतरी माझ्या मनात आलं आणि मला स्वतःचाच राग आला. धड्यातली गोष्ट आठवायची ती वेळ नव्हती.

मी कारणं शोधायला लागले. वादळ असेल, म्हणून वळलं असेल. मोबाइलवर हवामानाचा नकाशा उघडला. त्या भागात वादळ नव्हतं. यंत्र बिघडलं असेल. यजमान म्हणाले की यंत्र बिघडलं तर जहाज जागेवर थांबेल, नाहीतर वाहत जाईल. एवढं मागं कशाला येईल. चाचे असतील, असं माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी बोलले नाही. आम्ही दोघं दुकानात नकाशासमोर उभे होतो. एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी उद्या या म्हणून सांगितलं. मग शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टुलावर बसत म्हणाले,

“माणूस पाण्यात पडलं की जहाज मागं वळवत्यात.”

हे त्यांनी कुठं ऐकलं होतं कुणास ठाऊक. तिनंच कधीतरी मला सांगितलं असेल. मी म्हणाले की मेल तिनंच पाठवलाय. ते म्हणाले, “नुस्तं आकडं हायत. कोण बी पाठवंल.”

पेढ्यांचा पुडा टेबलावर होता. तो मी वर नेऊन फ्रिजमध्ये ठेवला, आणि त्या दिवशी आम्ही जेवलो की नाही हे मला खरंच आठवत नाही.

संध्याकाळी मी मुंबईला कंपनीच्या कार्यालयात फोन लावला. नंबर तिनं जाताना दिलेला होता. फोनवरचा तरुण नम्रपणे बोलला. जहाज सुरक्षित आहे, मार्गात थोडा बदल केलेला आहे, यापेक्षा जास्त मला आत्ता सांगता येणार नाही, असं तो म्हणाला. माझी मुलगी सुरक्षित आहे का, असं मी विचारलं. जहाजावरचे सगळे कर्मचारी ठीक आहेत, असं तो म्हणाला. यजमानांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं की सगळं ठीक आहे तर जहाज मागं का गेलं. तो पुन्हा तेच म्हणाला. यांनी फोन ठेवला. त्याच्यावर ओरडले नाहीत. मला म्हणाले, “त्येला बी कुणी सांगितलं नसंल.”

सगळे ठीक आहेत, हे वाक्य आम्ही दोघांनीही ऐकलं होतं. माझा त्याच्यावर निम्मा विश्वास बसला. यांचा किती बसला ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नुसते आकडे आले. जागा जवळजवळ तीच. रेखांशात थोडासा फरक. टाचणी हलवायला जागाच नव्हती. जहाज एवढं मोठं, चोवीस तास चालणारं, आणि ते आदल्या दिवशीच्याच ठिकाणी घुटमळत होतं. यजमानांनी फूटपट्टी लावून बघितलं आणि म्हणाले की थांबलेलं नाही, काहीतरी हुडकतंय. हुडकतंय हा शब्द उच्चारल्यावर त्यांनी फूटपट्टी खाली ठेवली, कारण तो आदल्या दिवशीच्या शंकेलाच जाऊन मिळत होता.

त्याच्या पुढच्या दिवशी मेलच आला नाही.

दुपार टळली. माझी बहीण आली होती, ती म्हणाली की अंबाबाईला जाऊन येऊ. मी गेले नाही, कारण देवळात मोबाइलला रेंज मिळेल की नाही याची मला खात्री नव्हती. हे मी तिला सांगितलं, तर तिनं स्वयंपाकघरात जाऊन भात टाकला. यजमानांनी दुकान उघडलं होतं, पण काम करत नव्हते. अर्धी तार भरलेली मोटर मांडीवर घेऊन बसले होते. मी खाली गेले की ते नुसतं वर बघायचे आणि मी मान हलवायची. शेजारचे पानपट्टीवाले येऊन टाचणीकडं बघून गेले. बातमी गल्लीत पसरलेली होती. कुणी काही विचारलं नाही, हे बरं झालं.

त्यानंतरच्या दुपारी मेल आला. मी जिन्यात उभी राहूनच उघडला. त्यात लिहिलं होतं: ‘तीन पाच एस, ब्याऐंशी पाच ई. मासेमारीची बोट सापडली. सात माणसं. सगळी जिवंत. मी ठीक. दोन दिवसांनी रेंज आली की फोन करतो. जेवलो.’

मी ते मोठ्यानं वाचलं. खालून यजमान म्हणाले, “आकडं परत सांग.” मी परत सांगितले. मी खाली जाऊन बघितलं तर त्यांनी टाचणी बरोबर जागी टोचली होती आणि भिंतीला हात लावून उभे होते. मग नळाखाली तोंड धुऊन आले. बहिणीनं फ्रिजमधले पेढे काढून गल्लीत वाटले. विषुववृत्त अजून तीन अंश लांब होतं.

पुढचे दोन दिवस रेखांश पुन्हा कमी होत गेला, आणि या वेळी आम्हाला भीती वाटली नाही. अक्षांश मात्र झपाट्यानं शून्याकडं आला आणि एक दिवस एसच्या जागी एन आलं. जहाज श्रीलंकेच्या दिशेनं वर चाललं होतं. ती माणसं तिथलीच होती. किनाऱ्यापासून काही अंतरावर त्यांच्या तटरक्षक दलाची बोट येऊन त्यांना घेऊन गेली, आणि तेवढ्या वेळात मुलीच्या मोबाइलला रेंज मिळाली.

फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. यजमान वर आले होते. मी बोलायला लागले, ती बोलायला लागली, आणि दोन वाक्यं झाल्यावर यांनी हात पुढं केला. मी फोन दिला. तीनेक वर्षांत पहिल्यांदाच हे तिच्याशी सरळ बोलणार होते. मला वाटलं, कशी आहेस विचारतील. त्यांनी विचारलं,

“एवढ्या पाण्यात त्यास्नी हुडकलंस कसं?”

मी फोनचा आवाज मोठा केला, म्हणून तिचं उत्तर मलाही ऐकू आलं. ती म्हणाली की बोटीचं इंजिन बंद पडलं होतं. त्यांनी मदत मागताना आपले अक्षांश-रेखांश कळवले होते, आणि त्यानंतर त्यांचं बोलणं बंद झालं. त्या भागात सगळ्यात जवळचं जहाज हेच होतं, म्हणून कॅप्टननी मागं वळवलं. सांगितलेल्या जागी पोचले तर तिथं काहीच नव्हतं. वारा आणि पाण्याची ओढ त्यांना दुसरीकडं घेऊन गेली होती. मग ओढ कुठल्या दिशेला, तासाला किती, हे धरून बोट आत्ता कुठं असेल त्याचा हिशेब करायचा, त्या जागेपासून चौकोनात फिरायचं आणि चौकोन वाढवत जायचा. तिच्या पाळीत ती दुर्बीण घेऊन बाहेर उभी राहायची. दोन दिवस नुसतं पाणी दिसलं. तिसऱ्या दिवशी सकाळी कुणालातरी निळं ताडपत्रीचं कापड दिसलं.

“मला वाटलं होतं सापडत न्हाईत,” ती म्हणाली. “पप्पा, लई बारीक बोट होती. लाटेच्या मागं गेली की दिसतच नव्हती.”

यजमान म्हणाले, “म्हस चुकल्यावर आमी असंच हुडकत हुतो. शेवटची जिथं दिसली तिथनं सुरू करायचं आन् फेर वाढवत न्यायाचा.”

“तसंच,” ती म्हणाली.

“फकस्त म्हस वाहत जात न्हाय.”

“व्हय. तेवढाच फरक.”

ती हसली. हेही हसले. मेलमध्ये काही का लिहिलं नाहीस, असं मी मधूनच विचारलं. ती म्हणाली की शोध संपेपर्यंत बाहेर काही कळवायचं नाही, असा कॅप्टनचा हुकूम होता, कारण त्या माणसांच्या घरी चुकीची बातमी जाऊ नये. आकडे तेवढे पाठवायला त्यांनी परवानगी दिली होती, आणि एक दिवस तेही पाठवायला वेळ मिळाला नाही. तिला वाटलं होतं की आई नुसते आकडे बघून ठेवून देईल. घरी टाचण्या टोचल्या जातात हे तिला माहीतच नव्हतं. यजमान म्हणाले की टाचणी मागं गेली तवा आमाला काय वाटलं आसंल इचार कर. ती म्हणाली, “पुढच्या वेळी ‘जेवलो’ लिहीन. आकड्यांच्या आधी लिहीन.”

ती वाचलेली माणसं कोण, हे तिनं नंतर सुट्टीवर आल्यावर सांगितलं. त्यातले दोघं सख्खे भाऊ होते. प्यायचं पाणी संपलं होतं, पाऊस पडल्यावर ताडपत्रीत साठलं तेवढं पीत होते. जहाजाच्या शिडीवरून वर येताना त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा माणूस शिडी धरूनच राहिला, वरही येईना आणि खालीही जाईना. शेवटी एक खलाशी खाली उतरला आणि त्याला कमरेला दोर बांधून वर घेतलं. वर आल्यावर त्यानं डेकला हात लावला आणि तिथंच झोपला. त्यांची भाषा जहाजावर कुणालाच येत नव्हती. जेवणात त्यांना काय द्यावं कळेना, तर हिनं आचाऱ्याला मऊ भात आणि पातळ वरण करायला सांगितलं. ते त्यांनी खाल्लं.

ती घरी आली तेव्हा थंडी पडली होती. स्टँडवर तिला आणायला यजमान गेले, मी घरी होते. दोघं मोटारसायकलवरून येताना बोलत येत होते, हे मला गॅलरीतून दिसलं. काय बोलत होते ते मी विचारलं नाही. नंतर ती दुकानात बसायला लागली. लोक मोटर घेऊन यायचे आणि नकाशावरची भोकं कुठली ते विचारायचे, तेव्हा यजमान तिच्याकडं बोट करायचे.

एका संध्याकाळी आम्ही तिघं पन्हाळ्याला गेलो. तबक उद्यानाच्या बाजूला जाऊन, भाजलेली कणसं खाऊन, अंधार पडेपर्यंत थांबलो. तिला आम्हाला एक गोष्ट दाखवायची होती. उत्तरेकडं तोंड करून तिनं आधी सप्तर्षी शोधले, पण ते त्या वेळी वर आलेले नव्हते. मग शर्मिष्ठेचा वाकडा एम धरून तिनं ध्रुव दाखवला. तो फार तेजस्वी नसतो, हे मला माहीत होतं, तरी बघितल्यावर जरा निराशाच झाली. ती म्हणाली की हात सरळ लांब करून मूठ धरली की दहा अंश होतात, आणि मधली तीन बोटं म्हणजे साधारण पाच. ध्रुव क्षितिजापासून जितका वर, तितका तिथला अक्षांश. हे वाक्यही मी शिकवलेलं होतं. मोजून मात्र कधी पाहिलं नव्हतं.

यजमानांनी हात लांब केला. डोंगराच्या कडेवर मूठ ठेवली, वर तीन बोटं लावली आणि एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं. “बोटाच्या वर हाय थोडा,” ते म्हणाले.

“पंधराच्या वर थोडा. म्हणजे बरोबर,” ती म्हणाली. “समोर डोंगर हाय म्हणून एखादा अंश चुकणार.”

त्यांनी तिला विचारलं की जहाज विषुववृत्ताच्या खाली असताना हा कुठं असतो. ती म्हणाली की तिथं दिसत नाही, क्षितिजाच्या खाली जातो. बरेच अंश वर आल्यावर पहिल्यांदा धुरकट दिसायला लागतो. त्या माणसांना सोडून जहाज परत निघालं त्या पहाटे तिला तो दिसला होता. वाऱ्यामुळं तिला थंडी वाजत होती, तर यजमानांनी अंगातला स्वेटर काढून दिला. मीही हात लांब करून मोजलं. माझी मूठ लहान, त्यामुळं माझं उत्तर वेगळं आलं. ती म्हणाली की हात पण आखूड आहे, म्हणजे हिशेब सारखाच यायला पाहिजे, तू नीट धरलं नाहीस. आम्ही पुन्हा मोजलं.

आता ती दुसऱ्या जहाजावर आहे. या जहाजावर इंटरनेट चांगलं आहे, आठवड्यातून दोनदा चेहरा दिसतो. तरी बाराची जागा ती पाठवते, कारण यजमान मागतात. जुना नकाशा भोकांनी फाटायला आला, म्हणून त्यांनी नवा आणला आणि या वेळी आधीच बारीक रेषा आखून मग भिंतीला लावला. जहाज जपानमधून अमेरिकेला निघालं तेव्हा नवीनच प्रकार झाला. एकशे ऐंशीव्या रेखांशापर्यंत ई वाढत गेला आणि पलीकडं डब्ल्यू सुरू होऊन आकडा कमी व्हायला लागला. टाचणी नकाशाच्या उजव्या काठावरून काढून डाव्या काठाला टोचावी लागली. तिथं तारीखही एक दिवस मागं घेतात, त्यामुळं जहाजावर लागोपाठ दोन गुरुवार आले.

गुरुवारी ती उपास धरते. यजमानांनी फोनवर तिला विचारलं की दोन्ही गुरुवारी धरलास काय.

“एकच धरला,” ती म्हणाली. “दुसऱ्या गुरुवारी चिकन होतं.”

यजमानांनी यावर विचार केला आणि म्हणाले की चालतंय, रेषेच्या पलीकडं गेलतीस. मग मोटर घेऊन कुणीतरी आलं आणि ते खाली गेले.